दुसऱ्यांदा विचारणारी

मगदुमांच्या घरी ‘निगा’ बसवली त्या दिवशी जयसिंगपूरची निम्मी नववी गल्ली ती बघायला लोटली होती. साल २०४४ असलं म्हणून काय झालं, दुसऱ्याच्या घरात नवीन वस्तू आली की डोकावल्याशिवाय राहवत नाही हा गुण गल्लीने काही सोडला नव्हता. बघ्यांची तशी निराशाच झाली. हातापायांचा, डोळे मिचकावणारा यंत्रमानव असेल अशी त्यांची समजूत, आणि समोर होता एक पलंग. पलंगाच्या दोन्ही कडांना घडी घालून ठेवलेले दोन मऊ रबरी हात, उशाशी बोलणारी आणि कॅमेऱ्याने खोली टिपणारी एक पेटी, कोपऱ्यात जेवण गरम ठेवणारं कपाट, आणि पद्माक्कांच्या कानामागे चिकटवलेली टिकलीएवढी चकती. लोक “एवढंच व्हय?” म्हणत चहा पिऊन घरी गेले.

खरी करामत त्या टिकलीत होती. कातडीखालच्या ओलाव्यात मीठ किती, साखर किती, स्नायू किती आखडलेत, हे ती दर मिनिटाला मोजायची. माणसाला तहान लागल्याचं कळतं त्याच्या वीस मिनिटं आधी टिकलीला कळायचं. भूक, दुखणं, कूस बदलायची वेळ, सगळं तसंच. मग पेटी गोड आवाजात विचारायची, “पाणी देऊ का?” आणि हो म्हटलं की रबरी हात उलगडून पेला ओठांशी धरायचे. ते कधी थकायचे नाहीत की वैतागायचे नाहीत. रुग्णाला पाठीला जखम होऊ देणं तर निगाला माहीतच नव्हतं.

एक नियम मात्र तिच्या हाडीमासी भिनवलेला होता. तीन वर्षांपूर्वी एका वृद्धाश्रमात असल्याच जुन्या यंत्रांनी म्हाताऱ्यांना ठरलेलं अन्न पोटात जाईपर्यंत भरवत ठेवलं होतं, नको म्हटलं तरी. त्यावरून मोठा गदारोळ झाला आणि संमतीचा कायदा आला. यंत्राने विचारायचं एकदाच. नकार मिळाला की तीन तास गप्प बसायचं. नियम माणसांनाही लागू होता, कारण सक्ती करण्यात माणसं यंत्रांच्या मागे थोडीच आहेत?

सारिका ऐवळे हा नियम कोळून प्यायली होती. तिचं वय सत्तेचाळीस, त्यातली बावीस वर्षं दुखणाईतांच्या उशाशी गेलेली. आधी मिरजेच्या एका दवाखान्यात ‘मावशी’ म्हणून, मग दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून परवानाधारक गृहपरिचर म्हणून. निगा आल्यापासून तिचं काम बदललं होतं. रोज एका घरी बसण्याऐवजी आता अकरा घरं, प्रत्येक घरी आठवड्यातून एकदा चाळीस मिनिटं. टिकली बदलायची, रबरी हात पुसायचे, कागद भरायचे. तक्रार करावी असं त्यात काही नव्हतं. तिची कंबर दुखायची थांबली होती, ही तर चांगलीच गोष्ट. तरी घरी परतताना तिला आपण दिवसभर फर्निचर पुसून आलो असं वाटायचं.

मगदुमांच्या घरी ती त्या खेपेला गेली तो पद्माक्कांच्या आजारपणाचा सहावा आठवडा होता. अक्का शहात्तर वर्षांच्या. मेंदूत रक्ताची गाठ अडकून उजवी बाजू गेली होती. पाय थोडा परत आला, जीभ जड झाली तरी बोलणं कळत होतं, उजवा हात मात्र पांघरुणावर पडून असायचा, दुसऱ्या कुणी तरी विसरून गेल्यासारखा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की असल्या आजारात मेंदू नवे रस्ते पाडतो ते मुख्यतः पहिल्या बारा आठवड्यांत. तेवढ्यात हात हलायला लागला तर लागला. त्यानंतर आशा फार कमी.

“नमस्कार, सारिकाताई,” पेटी म्हणाली. “रुग्णाची स्थिती समाधानकारक. गेल्या सात दिवसांत रुग्णाच्या इच्छेचा शंभर टक्के मान राखला गेला.”

सारिकाने अक्कांकडे पाहिलं. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. वजन चार किलोंनी उतरलं होतं. व्यायामाचा कागद उघडला तर ओळीने ‘नकार, नकार, नकार’.

“काय वो अक्का, जेवत नाहीसा?”

“भूक न्हाई ग.”

“टिकली तर भूक हाय म्हणतीया.”

“तिला काय कळतंय!” अक्का म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं.

तेवढ्यात पेटीने विचारलं, “पद्मावतीबाई, खीर देऊ का?”

“नगं.”

“ठीक आहे. तीन तासांनी विचारेन.” रबरी हाताने खपली गव्हाच्या खिरीची वाटी उचलून परत कपाटात ठेवली. सारिका वाटीकडे बघत नव्हती, अक्कांकडे बघत होती. भिंतीकडे वळलेलं तोंड हळूच परत फिरलं होतं आणि त्यांची नजर वाटीबरोबर कपाटापर्यंत गेली होती. दार मिटलं तशी ती खाली झुकली.

सारिका खुर्ची ओढून बसली. “अक्का, खरंच नगं हुतं?”

अक्कांनी डाव्या हाताने पांघरूण सारखं केलं. मग म्हणाल्या, “एकदाच इचारतंय ते आन् जातंय. तसं कोण खातंय व्हय ग? पैल्या शब्दाला वाटी पुढं केली तर आमची आई हावरट म्हणायची. अभि बी तसंच. ‘आई, खीर देऊ?’ नगं म्हणलं की, ‘बरं,’ म्हणून भाईर. त्यानंच केलीया ती खीर.”

सारिका आयुष्यभर याच मुलखातली. पंगतीत वाढणाऱ्याने तीनदा विचारायचं आणि खाणाऱ्याने दोनदा नको म्हणायचं, हे तिला कुणी शिकवावं लागलेलं नव्हतं. तरी ही गोष्ट इतके आठवडे तिच्या डोक्यात आली नव्हती, कारण ती चाळीस मिनिटांत टिकली बदलून निघून जात होती. तिला स्वतःची लाज वाटली.

नियम आठवत असूनही तिने कपाट उघडून वाटी काढली. “घ्या वाईच.”

“नगं.”

“एक चमचा. अभिदादांनी केलीया, त्यास्नी वाईट वाटंल.”

“नगं म्हणलं की.”

“मग मी बी आज डबा खाणार न्हाई.”

“असं कसं? तू जेव की!” अक्का एकदम खडसावून म्हणाल्या आणि त्या नादात तोंड उघडलं. एक चमचा गेला, दुसरा गेला, दहा मिनिटांत वाटी संपली. सारिकाने न विचारता पळीभर आणखी वाढायला घेतली, तशा अक्का “बास, बास!” म्हणत पुढे झुकल्या आणि त्यांचा उजवा हात पांघरुणावरून चार बोटं उचलला गेला, वाटीवर आडवा झाला आणि पडला.

अक्कांना ते कळलंही नाही. सारिकाच्या हातातली पळी मात्र तशीच राहिली.

तिला अभ्यासक्रमातलं एक प्रकरण आठवलं. मेंदूत हात हलवायचे दोन रस्ते असतात. एक ठरवून हलवायचा. ‘हात वर करा’ म्हटल्यावर आपण करतो तो. दुसरा सवयीचा. तोल गेला की आपोआप पुढे येतो, जांभई आली की तोंडावर जातो तो. अक्कांचा पहिला रस्ता गाठीने बंद पाडला होता आणि निगा रोज त्याच बंद रस्त्यावर त्यांना चालायला सांगत होती. दुसरा अजून शाबूत होता. साठ-सत्तर वर्षं प्रत्येक पंगतीत ताटावर आडवा धरलेला तो हात होता, आणि तोही उजवाच, कारण जेवताना डावा हात ताटावर न्यायचा नाही हे लहानपणीच अंगवळणी पडलेलं. सवयीचा रस्ता पुन्हा पुन्हा वापरात आला, तर त्याच्या आधाराने मेंदू ठरवून चालायचा रस्ताही नव्याने पाडू शकतो. पण त्याला आग्रह करणारं कुणी तरी हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सारिका जेवणाच्या सुटीत आपला डबा घेऊन अक्कांकडे येऊ लागली. आग्रह करायची, अक्का आढेवेढे घ्यायच्या, मग खायच्या, आणि शेवटी हात आडवा यायचा. पहिल्या दिवशी चार बोटं, चौथ्या दिवशी वीतभर. अक्का बोलायलाही लागल्या होत्या. कुणाच्या लग्नात कुणी किती जिलब्या खाल्ल्या हे सगळं सारिकाला सांगून झालं.

आता तिने एक चूक केली. हाताची ही हालचाल तिने कुठेच लिहिली नाही आणि कुणाला सांगितलीही नाही, अक्कांच्या मुलाला, अभिनंदनलाही नाही. दवाखान्यात मावशी असताना तिने थोरल्या मावश्यांकडून उचललेली एक खोड होती. रुग्ण सुधारतोय असं पक्कं होईपर्यंत तोंडातून काढायचं नाही, दृष्ट लागते. पुढे परवाना मिळाला, पण ही खोड गेली नाही. ती स्वतःला सांगत राहिली की आठवडाभर बघू, मग लिहू.

आठवडा पुरा व्हायच्या आत निगाने आपलं काम चोख केलं. पाचव्या दिवशी सारिकाच्या फोनवर जिल्हा संमती कक्षाचा निरोप आला. ‘रुग्णाने वारंवार नकार देऊनही अन्न भरवणे. नकाराच्या एकूण नोंदी एकतीस. हाताने केलेले तीव्र नकार पाच. चौकशी होईपर्यंत परवाना स्थगित.’ तसाच निरोप अभिनंदनलाही गेला होता.

अभिनंदन उसाच्या रोपवाटिकेतून तसाच चिखलाच्या पायांनी घरी आला. पन्नाशीचा, शांत, आईवर जीव असलेला माणूस. बायको नोकरीसाठी बेळगावात, शनिवारी-रविवारी यायची. आईचं सगळं तोच बघायचा. सारिका अंगणातच उभी होती, आत जायची तिला मनाई होती.

“सारिकाताई, आई नको म्हणत होती. एकतीस वेळा!” त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. “तुम्हाला सांगतो, बाबांनी या घरात आईला कधी काही विचारलं नाही. काय शिजवायचं, कुठं जायचं, कुणाकडं किती दिवस राहायचं, सगळं ते ठरवायचे. आयुष्यात पहिल्यांदा तिचं ‘नको’ कुणी तरी लिहून घेतंय. आणि तुम्ही येऊन परत तेच?”

सारिकाने मान हलवली. तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. “त्यांचा हात...” ती म्हणाली.

“हात ढकलत होती ती तुम्हाला!”

“ढकलत नव्हत्या, दादा.”

“मग नोंद कुठाय?”

नोंद नव्हती. ती मान खाली घालून निघाली. रस्ताभर तिला परवान्याची काळजी वाटत होती हे खरं, पण त्याहून जास्त एक हिशेब डोक्यात घोळत होता. सहावा आठवडा संपत आला होता. चौकशी कधी होणार कुणास ठाऊक, आणि तो हात तोवर पांघरुणावर पडून राहणार.

चौकशी व्हायला बारा दिवस गेले. या बारा दिवसांत अक्का परत भिंतीकडे तोंड करून झोपू लागल्या आणि निगाच्या कागदावर पुन्हा समाधानकारक स्थिती आली. चौकशीला पुण्याहून डॉ. मंदार हसबनीस स्वतः आले. बारीक, चष्मेवाले, अत्यंत सभ्य गृहस्थ. त्या वृद्धाश्रमाची चौकशी त्यांनीच केली होती आणि संमतीचा नियमही त्यांच्याच लेखणीतून उतरला होता. कक्षात सुनावणी घ्यायच्या ऐवजी ते रुग्णाच्या खोलीत येऊन बसले.

त्यांनी कागद पसरले, घसा साफ केला, आणि अक्का पलंगावरून म्हणाल्या, “अभि, सायबास्नी खीर दे.”

“नको नको, आजी. मी चौकशीला आलोय. शिवाय नाश्ता करूनच निघालो.”

“पैल्यांदा घरात आलाय. वाईच घ्या.”

“खरंच नको.”

“माझ्या सासरची खपली हाय, बाजारची न्हवं. तोंड तरी गोड करा.”

“बरं, अगदी अर्धी वाटी,” हसबनीस म्हणाले. अर्धी संपली. अभिनंदन पळी घेऊन पुढे झाला तसे ते “पुरे, पुरे” म्हणत पुढे झुकले आणि त्यांनी वाटीवर हात आडवा धरला. अभिनंदनने घरच्या रीतीप्रमाणे बोटांच्या फटीतून पळी रिकामी केली. साहेबांनी तीही वाटी स्वच्छ केली आणि रुमालाने मिशा पुसल्या.

दाराशी उभी असलेली सारिका न राहवून म्हणाली, “निगा, आत्ता या खोलीत काय झालं ते वाच.”

“पाहुण्यांना खीर देण्यात आली,” पेटीने गोड आवाजात सांगितलं. “पाहुण्यांचे तोंडी नकार तीन. हाताने तीव्र नकार एक. तरीही अन्न भरवण्यात आलं. सक्तीची शक्यता ब्याण्णव टक्के. संमती कक्षाला कळवू का?”

खोलीत सगळ्यात आधी हसबनीसच हसले. हसून झाल्यावर मात्र त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“सारिकाताई, गंमत मला कळली. पण मला नको असतं तर मी उठून निघून गेलो असतो. आजींना उठता येत नाही. मी त्या आश्रमात अशी माणसं पाहिलीत की ज्यांना मान फिरवण्याखेरीज काही करता येत नव्हतं, आणि भरवणारे म्हणत होते की आम्ही प्रेमानं भरवतोय. माझा नियम तुमच्या आग्रहाविरुद्ध नाही. तो त्यांच्यासाठी आहे.”

“खरं आहे साहेब,” सारिका म्हणाली. तिने हे बारा दिवस स्वतःशी घोळवलं होतं. “नियम काढून टाका असं मी म्हणत नाही. यंत्रानं दुसऱ्यांदा विचारू नये हे मला पटतं, कारण नकार कसला आहे ते त्याला ओळखता येत नाही. मी बावीस वर्षं तेच शिकलेय. ज्याला खरंच नको असतं तो वाटी आल्यावर डोळे मिटतो, ओठ आत घेतो, गप्प होतो. अक्का भांडत होत्या, साहेब, आणि वाटीकडं बघत होत्या. माझी चूक झाली ती वेगळीच. बारा तारखेची नोंद ऐका. एक वाजून दहा मिनिटं.”

हसबनीसांनी मान हलवली. पेटी म्हणाली, “बारा तारीख, एक वाजून दहा मिनिटं. रुग्णाने वाटीवर हात आडवा धरला. तीव्र नकार.”

“कुठला हात?” सारिकाने विचारलं.

“उजवा.”

“तेरा तारखेला?”

“उजवा. चौदा तारखेला उजवा. पंधरा तारखेला उजवा, उंची एकवीस सेंटिमीटर.”

अभिनंदन पळी हातात घेऊनच पेटीजवळ येऊन उभा राहिला. व्यायामाच्या रकान्यात उजव्या हाताची हालचाल शून्य लिहिली होती आणि नकाराच्या रकान्यात तोच हात वीतभर उचलला जात होता. दोन्ही नोंदी एकाच पेटीत होत्या, पण एक दुसरीशी ताडून बघायचं कुणी सांगितलंच नव्हतं. हसबनीसांनी चित्रफीत तीनदा पाहिली. चौथ्यांदा अक्कांनी मागून घेतली आणि आपल्याच हाताकडे, शेजारच्या बाईकडे बघावं तशा बघत राहिल्या.

“हे तुम्ही लिहिलं का नाही?” हसबनीसांनी विचारलं.

सारिकाचे कान तापले. परवानाधारक बाईने सरकारी चौकशीत हे कसं सांगावं? पण सांगितलं. “दृष्ट लागू नये म्हणून, साहेब.”

“बरं केलीस,” अक्का ठासून म्हणाल्या.

“बरं नाही केलं,” हसबनीस म्हणाले. “तुम्ही लिहिलं असतंत तर आजींचे बारा दिवस वाचले असते. परवाना आजपासून परत, आणि त्याबरोबर एक लेखी ताकीदही. दोन्ही तुम्हाला मिळायलाच हवीत.” मग त्यांनी अभिनंदनकडे वळून विचारलं, “आठवा आठवडा ना? चार आठवडे या सारिकाताई रोज यायला हव्यात. तुमची हरकत?”

अभिनंदन हरकत नसल्याची मान हलवून स्वयंपाकघरात गेला. नळ बराच वेळ चालू होता. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. तो आईच्या पायाशी बसला.

“आई, मी एकदाच विचारून जात होतो ग.”

“जाऊ दे की,” अक्का म्हणाल्या. “तुझ्या बाबांनी कधी इचारलंच न्हाई. तू इचारत हुतास, त्येचंच मला कवतिक. आता जरा धीर धरून इचारत जा.”

पुढचे चार आठवडे सारिकाने मनापासून काम केलं. सकाळी रोज दोन तास ती येऊ लागली. हाताला भुलवून कामाला लावायचे तिने नाना प्रकार काढले. उशी घसरवायची, म्हणजे अक्का ती सावरायला जात. पदर खांद्यावरून ओघळू द्यायचा. शेंगदाणे भरलेलं पाखडायचं सूप मांडीवर ठेवायचं आणि खडे तसेच सोडायचे, कारण खडा दिसला आणि तो उचलला नाही असं अक्कांच्या हातून होणं शक्य नव्हतं. निगाही मदतीला होतीच. ती हाताला न थकता आधार द्यायची, प्रत्येक बोटाची उंची मोजायची, आणि सारिका संध्याकाळी सगळं नीट लिहून काढायची. लिहिताना दर वेळी मनातल्या मनात अक्कांची दृष्ट काढायची, तेवढी सूट तिने घेतली होती.

अभिनंदन मात्र नव्या उत्साहात वाहवत गेला. आईला सहा-सहा वेळा आग्रह करू लागला. एका सकाळी तो वाटी घेऊन असाच लाडीगोडी लावत होता आणि अक्का डोळे मिटून गप्प होत्या. सारिकाने दारातून ते पाहिलं आणि सरळ येऊन त्याच्या हातातली वाटी काढून घेतली.

“अहो, तीनदा तरी विचारू द्या की!”

“आज नाही, दादा. आज चतुर्दशी.”

अक्कांनी डोळे उघडले. “एकच डाव जेवनार हाय मी. दुपारी. ह्या पोराला तिथी बी कळत न्हाई.” चतुर्दशीला एकदाच जेवायचं हे जैनांचं व्रत त्यांनी आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच धरलं होतं. सारिकाने टिकलीचे आकडे बघितले, डॉक्टरांना फोन लावून विचारलं, आणि दुपारच्या जेवणात काय काय हवं ते अभिनंदनला लिहून दिलं. तो कागद वाचत म्हणाला, “हे तुम्हाला कळतं कसं? मी तर पोटचा मुलगा.”

“तुम्ही मुलगा आहात म्हणूनच अवघड जातं,” सारिका म्हणाली. “तुम्हाला त्यांनी खावं असं फार वाटतं. मलाही वाटतं, पण मला आधी बघायला शिकवलंय.”

बाराव्या आठवड्याच्या शेवटी अक्कांचा हात पूर्वीसारखा झाला असं कुणी म्हणालं नसतं. करंगळी वाकडीच राहिली, थंडीत बोटं आखडायची. पण त्या हाताने वाटी धरता येत होती, केसांना तेल लावता येत होतं, आणि काठीच्या आधाराने अक्का मोरीपर्यंत एकट्या जात होत्या. दरम्यान हसबनीसांचं परिपत्रक जिल्ह्यात लागू झालं होतं. यंत्राने एकदाच विचारायचं. परवानाधारक परिचराला, आणि तिच्या सांगण्यावरून घरच्यांना, पुन्हा विचारायची मुभा, मात्र तिने काय पाहून विचारलं ते त्याच दिवशी लिहायचं. निगा बसवलेल्या घरांतून परिचरांना मागणी वाढली आणि सारिकाच्या जुन्या मैत्रिणी परत कामावर येऊ लागल्या.

शेवटच्या सकाळी पेटीने विचारलं, “पद्मावतीबाई, बारा आठवडे पूर्ण झाले. दैनिक परिचर सेवा पुढे चालू ठेवायची का?”

सारिका टिकली बदलत होती. उत्तर तिला ठाऊकच होतं, म्हणजे तिला तसं वाटत होतं.

“नगं,” अक्का म्हणाल्या.

“आई!” अभिनंदन उठून उभा राहिला. त्याने सारिकाकडे पाहिलं. आता हिने विचारावं असंच त्याचं म्हणणं होतं, आणि सारिकाच्या ओठांवर शब्द आलेही होते. तिने अक्कांकडे बघितलं. अक्का कुठे नजर चोरत नव्हत्या, आढेवेढे घेत नव्हत्या. सरळ तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

“अकराव्या गल्लीत कोण मास्तर पडून हायत म्हणत हुतीस न्हवं?” त्या म्हणाल्या. “त्यास्नी बी पेटी एकदाच इचारत असंल. माझं मी बघतो आता. पेटी हाय, अभि हाय. तू तिकडं जा.”

सारिकाने दुसऱ्यांदा विचारलं नाही. बावीस वर्षांत तिला इतकं जड काही गेलं नव्हतं, आणि तरी आत कुठे तरी गार वाटत होतं. तिने कागद काढला, ‘दैनिक सेवा समाप्त, रुग्णाची इच्छा’ असं लिहिलं, आणि काय पाहून, या रकान्यात थोडा विचार करून ‘रुग्ण बरी आहे’ एवढंच लिहिलं. मग पिशवी आवरली, अभिनंदनचा निरोप घेतला, अक्कांच्या पाया पडली. त्यांनी उजव्याच हाताने तिच्या डोक्यावर थापटलं. ते जरा जोरातच लागलं.

ती दारापर्यंत गेली तशा अक्का म्हणाल्या, “आन् ऐक. ऐतवारी जेवाय ये.”

“नको वो अक्का,” सारिका वळून म्हणाली. “उगीच कशाला त्रास.”

तिने एक चप्पल पायात घातली. दुसरी हातात घेऊन झटकली, उलटी करून बघितली, पुन्हा झटकली. मग ती तशीच हातात धरून उंबऱ्यापाशी उभी राहिली.

“असं कसं?” आतून अक्कांचा आवाज आला. “यायलाच पायजे.”